भूमिगत शाहिरी आणि चित्रपटाचा पुरावा

अड्याळकडील झाडीपट्टीची दंडार असो वा मुंबईच्या वस्त्यांतील आंबेडकरी जलसा असो, मौखिक कलेची संहिता प्रामुख्याने कलावंताच्या कंठात वसते. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, तरी मुद्रित संहितेच्या रूपाने ते टिकले. शाहीर दिसेनासा झाला म्हणजे मात्र त्याचे काव्यही लोपण्याचे भय असते.

या दृष्टीने आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा स्वतंत्रपणे निर्माण झालेला अनुबोधपट इतिहासाचे साधन ठरतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्यू पावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू होऊन १४ वर्षे चाललेले हे चित्रण पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत पोहोचते. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून २०११ मध्ये मंचातील काहींना अटक झाली आणि इतर भूमिगत झाले. गायक अदृश्य असताना त्यांचा आवाज या चित्रपटातून ऐकू येत राहिला.

२ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे व सचिन माळी विधानभवनापाशी प्रकट झाले. ही शरणागती नसून सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा वाद केवळ कोशातील अर्थाचा नव्हे. पहिल्या शब्दात अपराधाची कबुली गृहीत आहे, तर दुसऱ्यात हक्काचे प्रतिपादन. आरोपाच्या कागदात गीताचा शब्द प्रसंगापासून तुटतो. चित्रपटात तो गायक व श्रोते यांच्यासह राहतो. उद्याच्या अभ्यासकास निवाडा करावयाचा झाल्यास ही दोन्ही साधने शेजारी ठेवूनच करावा लागेल.