जुनी स्पोर्ट्स सेडान घेताय? टोकन देण्याआधी एवढं तपासून घ्या

पुण्या-मुंबईत वापरलेली स्कोडा ऑक्टाव्हिया किंवा लॉरा आता नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते. पिकअप दमदार, आतून ऐसपैस, त्यामुळे गावाकडच्या तरुणांचा ओढा तिकडे वाढलाय. पण गाडी स्वस्त झाली तरी तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. एक मोठं काम निघालं तर स्वस्तात घेतल्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी या गाडीचं काम जाणणारा मेकॅनिक सहसा मिळत नाही. म्हणून घाई न करता खालील गोष्टी क्रमाने बघा.

१) आधी कागद, मग गाडी

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्ज आहे का ते दिसतं. सातबाऱ्यावर बोजा असतो तसाच आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो. तो असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. थकलेले ई-चलन विकणाऱ्यालाच भरायला लावा.

गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. दिल्लीकडे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे तिकडच्या बऱ्याच गाड्या इकडे स्वस्तात येतात. टॅक्स आणि नोंदणीचा खर्च धरूनच भाव ठरवा.

२) इंजिन गार असतानाच बघा

पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती असं समजा. ती गार होऊ द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्टार्ट करताच पुढून दोन-तीन सेकंद खडखड आली तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर तपासून घ्या. जुन्या १.८ टीएसआय इंजिनात हा भाग आणि ऑइल खाणं, या दोन्ही तक्रारी जगभर माहितीच्या आहेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे.

३) गिअरबॉक्स

१.८ टीएसआय ऑक्टाव्हियाच्या ऑटोमॅटिकमध्ये ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे. गर्दीत हळूहळू चालवून बघा, चढावर थांबवून पुन्हा उचला, रिव्हर्स घ्या. झटके बसले किंवा गिअर पडायला वेळ लागला तर मेकाट्रॉनिक किंवा क्लचचं काम निघू शकतं, आणि ते महागडं असतं. २०१७ साली आलेल्या २३० हॉर्सपॉवरच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये ६ गिअरचा ऑइलवाला डीएसजी आहे. त्याचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलल्याची नोंद मागा.

४) किती पिटाळली आहे?

अशी गाडी जपून चालवणारे कमीच. ताकद वाढवायला रीमॅप केलं होतं का ते सरळ विचारा आणि स्कॅनर लावून फॉल्ट कोड बघा. मीटर कमी दाखवत असेल पण स्टिअरिंग, पेडल आणि ड्रायव्हरची सीट झिजलेली असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. सर्व्हिस रेकॉर्डवरचे किलोमीटर जुळवा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

५) अपघात आणि पूर

दरवाजे, बोनेट आणि डिकीच्या फटी सारख्या आहेत का, बोल्ट खोलल्याच्या खुणा आहेत का, ते दिवसाउजेडी बघा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणमध्ये गाड्या पुरात बुडाल्या होत्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, मॅट उचला. गाळ, कुबट वास किंवा सीटखाली गंज दिसला तर गाडी सोडून द्या.

६) आपल्या रस्त्याला चालेल का?

घरातली सगळी माणसं बसवून गावच्या स्पीडब्रेकरवरून नेता येईल का, याचा विचार करा. गाडी खाली बसकी आणि टायर पातळ, खड्ड्यात रिम वाकायला वेळ लागत नाही. लिफ्टवर घेऊन चेंबर आणि सस्पेन्शन बघा.

७) व्यवहार

पैसे बँकेतूनच द्या, टोकनचीही पावती घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

शेवटचं एक. सगळे पैसे गाडीतच घालू नका. किमतीच्या किमान पंधरा-वीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. आणि ओळखीचा, याच कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक सोबत न्या. तो "नको" म्हणाला तर रंग कितीही आवडला असला तरी माघारी या.