पिला हाऊस

मुंबईतील ग्रँट रोड भागातला, नाटक, तमाशा व चित्रपट यांसाठी प्रसिद्ध असलेला परिसर. ‘प्ले हाऊस’ या इंग्रजी शब्दाचे बोलीत ‘पिला हाऊस’ झाले. या नावाची एखादी इमारत नाही. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस, फॉकलंड रोड (सध्याचा पठ्ठे बापूराव मार्ग) व मौलाना शौकत अली मार्ग यांच्या नाक्याभोवतीची थिएटरांची वस्ती म्हणजे पिला हाऊस. कामाठीपुरा व गोलपिठा लगतच आहेत.

जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये ग्रँट रोड नाटकगृह उभे राहिले. ते बांधले इंग्रजी नाटकांसाठी. पण कोटात (फोर्ट भागात) राहणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकांना ते लांब पडू लागले आणि देशी मंडळ्यांना रंगमंच मिळाला. १८५३ हे वर्ष त्या दृष्टीने निर्णायक ठरले. ९ मार्च रोजी विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळीने येथे मराठी नाटकाचा खेळ केला. ऑक्टोबरमध्ये पारशी मंडळीही याच रंगमंचावर आली. १८७० मध्ये व्हिक्टोरिया थिएटर झाले आणि पारशी कंपन्यांच्या गुजराती-उर्दू नाटकांनी ग्रँट रोड गजबजून गेला.

नाटकाच्या जोडीला येथे तमाशा रुजला. घाटावरून आलेले हमाल आणि गिरणी कामगार हा त्याचा हक्काचा प्रेक्षक. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीचे बंधन तोडून फडावर उभे राहिले व पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणून गाजले. तमाशातील नर्तकी पवळा हिच्याबरोबरच्या त्यांच्या वगांनी आणि लावण्यांनी मुंबई वेडी केली. अखेरीस विपन्नावस्थेत वारलेल्या या शाहिराचे नाव पुढे फॉकलंड रोडला देण्यात आले.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिम्पिया थिएटरात झाला. त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. मुंबईत मात्र नाटकगृहांत एकामागून एक पडदे लागत गेले. पूर्वीच्या रिपन थिएटरचे आल्फ्रेड झाले. न्यू रोशन, गुलशन, रॉयल, निशात, सिल्व्हर अशी चित्रपटगृहे हाकेच्या अंतरावर होती.

व्हिडिओ, दूरचित्रवाणी आणि नंतर मल्टिप्लेक्स यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस कुटुंबे येथे येईनाशी झाली. उरलेली थिएटरे जुने मारधाडपट स्वस्त तिकिटात दाखवत. हातगाडीवाले, टॅक्सीवाले दुपारच्या खेळाला येत. कोणी पडद्याकडे पाहत, कोणी पंख्याखाली डुलकी काढत. सगळीकडे फ्लेक्स आल्यावरही आल्फ्रेडबाहेरच्या पाट्यांवर नट-नट्यांचे चेहरे हातानेच रंगवले जात. या परिसराचे दुसरे, वेश्यावस्तीचे अंधारे अंग कवी नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाने मराठी कवितेत आणले.

जुन्या थिएटरांच्या या पडत्या काळात पुनरुज्जीवनाचा लाभ जवळच्या एका वास्तूला मात्र ठळकपणे झाला. चर्नी रोडजवळील रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले होते. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटके तेथे होत. गोंडलच्या संस्थानिकांच्या मालकीचे हे थिएटर १९९३ मध्ये बंद पडले. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली डागडुजी होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचा पडदा पुन्हा उघडला. पुढच्या वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली.

पिला हाऊसच्या नाक्यावरील थिएटरांच्या वाट्याला असा जीर्णोद्धार आला नाही. ऑपेरा हाऊसमागे संस्थानिकांची मालकी व वारसा म्हणून मिळालेली मान्यता होती. येथील थिएटरांना आधार होता तो दिवसाच्या गल्ल्याचाच. तरी टॅक्सीवाल्याला ‘पिला हाऊस’ एवढे सांगितले की तो पुढचा पत्ता विचारत नाही.