बाल्कनीतले दोघे

गेल्या महिन्यात मिरजेचं घर आवरायला गेले होते. बाबांच्या कपाटात, अगदी तळाशी, एक फाईल सापडली. तिच्याबद्दल शेवटी सांगते. ती वाचल्यावर मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल, तर एक अमेरिकन टीव्ही मालिका. हसू नका.

मालिकेचं नाव 'द वायर'. २००२ ते २००८ या काळात एचबीओवर तिचे साठ भाग झाले. आम्ही तेव्हा मेरीलँडमध्ये राहत होतो आणि ती घडते बाल्टिमोरमध्ये, म्हणजे आमच्यापासून पाऊण तासावर. नवऱ्याने डीव्हीडीचा संच आणला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. गर्द विकणारी टोळी, मागावर पोलीस आणि वाक्यागणिक शिव्या. सासूबाई आल्या होत्या ते तीन महिने आम्ही आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत पाहायचो!

(ज्यांना ती पाहायची आहे त्यांनी इथेच थांबा. पुढे मी सगळं फोडणार आहे.)

टोळीचे मालक दोघे. एव्हन बार्क्सडेल आणि स्ट्रिंगर बेल. एकाच वस्तीत वाढलेले, लहानपणापासूनचे जिगरी दोस्त. एव्हन मनाने लढवय्या, त्याला रस्त्याचे कोपरे आपल्या ताब्यात हवेत. स्ट्रिंगर हिशेबी. हा गडी धंदा सांभाळून कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला बसतो आणि तिथे शिकलेलं टोळीतल्या पोरांना ऐकवतो. टोळीच्या बैठका सभाशास्त्राच्या नियमांनी घ्यायचा त्याचा हट्ट पाहून आम्ही पोट धरून हसलो होतो.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. मालिका लिहिणारा डेव्हिड सायमन 'बाल्टिमोर सन' या वर्तमानपत्राचा गुन्हेवार्ताहर होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स बाल्टिमोरच्याच पोलीस खात्यातला, पुढे शाळेत शिकवायला लागला. बर्न्सने १९८४ मध्ये मेल्विन विल्यम्स नावाच्या गर्दच्या मोठ्या व्यापाऱ्याला पकडलं होतं आणि सायमनने १९८७ मध्ये त्याच्यावर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती. गंमत म्हणजे हाच विल्यम्स २००३ मध्ये सुटला आणि मालिकेच्या तिसऱ्या पर्वात चर्चमधल्या एका सज्जन सेवकाच्या भूमिकेत दिसला. पकडणारा, लिहिणारा आणि पकडलेला, तिघे एका मालिकेत. आपल्याकडे असं काही झालं असतं तर केवढा गदारोळ झाला असता!

पण मला सांगायचंय ते इमारतींबद्दल. त्या दोघांचं भांडण पैशावरून किंवा बाईवरून सुरू होत नाही. ते सुरू होतं इमारती पाडल्यावर. आणि इमारती खरोखरच पाडल्या होत्या.

बाल्टिमोरची लोकसंख्या १९५० साली साडेनऊ लाख होती, २००० साली साडेसहा लाख उरली. कारखाने आटले, ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. १९५० नंतरच्या काही वर्षांत सरकारने गरिबांसाठी उंच टॉवर बांधले होते. सुरुवातीला लोक तिथे आनंदाने राहायला आले म्हणे. पुढे लिफ्ट बंद, जिने अंधारे आणि खालच्या चौकात गर्दचा बाजार. शेवटी सरकारने ते सुरुंग लावून पाडायचं ठरवलं. लाफायेट कोर्ट्‌सचे सहा टॉवर १९९५ मध्ये गेले, लेक्सिंग्टन टेरेस १९९६ मध्ये, मर्फी होम्स १९९९ मध्ये आणि शेवटचे फ्लॅग हाउसचे २००१ मध्ये. त्यांच्या जागी बैठी-दुमजली नेटकी घरं आली. लेक्सिंग्टन टेरेस होती तिथून मी कितीदा गाडी चालवत गेले असेन, तिथे कधी टॉवर होते याची पुसटशीही कल्पना नव्हती.

सप्टेंबर २००४ मध्ये तिसरं पर्व सुरू झालं ते याच दृश्याने. महापौरांचं भाषण होतं, टॉवर कोसळतात आणि धुळीचा लोट टाळ्या वाजवणाऱ्यांच्याच अंगावर येतो. त्या टॉवरांत वाढलेली, तिथेच गर्द विकणारी पोरं आठवणी काढत उभी असतात.

टॉवर गेले म्हणजे टोळीचं दुकान गेलं. इथे वाट फुटते. स्ट्रिंगर म्हणतो, जागेसाठी मारामारी कशाला? माल चांगला ठेवू, बाकीच्या टोळ्यांशी वाटून घेऊ, पैसा बांधकामात घालू आणि साहेब होऊ. एव्हन तुरुंगातून परततो तो कोपरे परत घ्यायच्या ईर्ष्येनेच. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच ते मिटणारं नाही.

त्यांची एक झटापट आहे, स्ट्रिंगर एका खुनाची कबुली देतो तेव्हाची. एव्हनच्या भाच्याला तुरुंगात त्यानेच मारवलेलं असतं. एव्हन धावून जातो, स्ट्रिंगर त्याचा जखमी खांदा दाबून त्याला खाली पाडतो. ते दृश्य जबरदस्तच आहे. पण मला खरी भीती वाटली ती नंतरच्या बाल्कनीची.

१२ डिसेंबर २००४ चा भाग. रात्र, एव्हनच्या फ्लॅटची बाल्कनी, समोर बंदराचे दिवे. दोघे हातात पेले घेऊन उभे. लहानपणी दुकानातून केलेल्या चोऱ्या आठवतात. स्ट्रिंगरने बॅडमिंटनचा संच चोरला होता, आणि खेळायला अंगण कुठे होतं? दोघे खळखळून हसतात. मग एव्हन सहज विचारतो, उद्या कुठे असशील? स्ट्रिंगर जागा आणि वेळ सांगतो. निघताना दोघे गळाभेट घेतात.

आवाज चढत नाही, कुणी हत्यार काढत नाही. फक्त आपल्याला ठाऊक असतं की स्ट्रिंगरने एव्हनच्या लपायच्या जागेचा पत्ता पोलिसांना दिलाय, आणि एव्हनने स्ट्रिंगरला मारेकऱ्यांच्या स्वाधीन करायचं कबूल केलंय. दुसऱ्या दिवशी स्ट्रिंगर त्याच्याच अर्धवट बांधलेल्या इमारतीत मरतो. पुढच्या भागात एव्हनला पकडल्यावर पोलीस त्याला वॉरंट दाखवतात. खबर देणाऱ्याचं नाव त्यावर लिहिलेलं असतं. वुड हॅरिस हा नट तिथे एक शब्द न बोलता जे करतो, ते मी चार वेळा मागे जाऊन पाहिलं.

आता ती फाईल.

बाबांचा आणि काकांचा (सख्खे नव्हेत, पण आम्ही काकाच म्हणायचो) मिरजेत छापखाना होता, हे आमच्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन ट्रेडल मशीनं, खिळ्यांच्या पेट्या, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. मग ऑफसेट आलं. काकांना कर्ज काढून ऑफसेट घ्यायचं होतं. बाबांना कर्जाची भीती आणि खिळ्यांवर जीव. १९८६ च्या मे महिन्यात एका रात्री दोघे आमच्या ओट्यावर उशिरापर्यंत बसले होते. शाळेत असताना हेडमास्तरांची सायकल पळवून अर्जुनवाडच्या घाटावर गेले होते, ती गोष्ट सांगत दोघे इतके हसले की आई बाहेर आली. दुसऱ्या दिवशी काकांच्या वकिलाची नोटीस आली. भागीदारी मोडली. 'काकांनी दगा दिला' हे वाक्य मी पंचवीस-तीस वर्षं ऐकलंय, स्वतः म्हटलंय, आणि भावाच्या लग्नात त्यांना पत्रिका न पाठवण्याच्या बाजूने मीच बोलले होते.

फाईलमध्ये ती नोटीस होती. तिच्याखाली, टाचणीने लावलेली, बाबांनी बँकेला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत होती. यापुढे माझ्या सहीशिवाय छापखान्याचा एकही चेक वटवू नये, असं त्यात लिहिलंय. अक्षर बाबांचंच. तारीख त्या ओट्यावरच्या रात्रीच्या दोन दिवस आधीची.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, परत फाईलमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "चहा टाक."

आत्या, तू हे वाचत असशील तर एक काम कर. काका मुलीकडे इचलकरंजीला असतात असं तू मागे म्हणाली होतीस. तिचा नंबर मला मेलवर पाठव.