पोटाकडची दोरी

जुळे सोलापुरातली तुमची सोसायटी, तिचं पार्किंग, समोरचं मेडिकल, सगळं पुसून टाका. १९७०च्या दशकातला मार्च आहे आणि इथे नुसती रानं आहेत. ज्वारी काढून नेलीय, धसकटं चपलेतून टोचतायत, ऊन मावळलं तरी भेगाळलेल्या काळ्या मातीतून झळ येतेय. सायकल विजापूर रोडला काढा आणि शहराकडे हाणा. उद्या बी.एस्सी.चं परीक्षेआधीचं शेवटचं प्रॅक्टिकल आहे, विषय झुरळाची चेतासंस्था. झुरळं ज्याची त्यानं आणायचीत.

साखर पेठेत मित्राच्या घरी पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलाय. शेजारी माग चालू आहेत. खडखडाट असा की भिंतीला हात टेकला तर तळव्याला मुंग्या येतात. ओल्या रंगाचा, सुताच्या तुसाचा आणि मोरीचा वास एकमेकांत मिसळलाय. मित्र टॉर्च धरतो. तुम्ही बरणी घेऊन उकिडवे बसता. चांगलं बोटाएवढं, तपकिरी, मिशा हलवणारं झुरळ समोर आहे, पाठ तुमच्याकडे. हात पुढे केलात मात्र, मोरी रिकामी.

"अबे, मागून कशाला जायलास? त्याला कळतंय की!"

त्याचं बरोबर आहे. झुरळाच्या शेपटाला दोन छोटी शिंगं असतात आणि त्यांच्यावर बारीक केस. तुमच्या हातानं ढकललेली हवा त्या केसांना लागली, निरोप पोटातल्या चेतापेशींच्या शेवटच्या गाठीत गेला, तिथून जाडजूड तंतूंवरून सरळ छातीत, पायांच्या गाठींकडे. सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात झुरळ वळलं. निरोपानं आधी डोक्याकडे जाऊन परवानगी आणावी, एवढी फुरसत त्या शरीरात ठेवलेलीच नाही. तुम्हाला मात्र नुसतं "पळालं" हे दिसून हात हलवायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. हातानं पकडायचा नाद सोडा. बरणीत गुळाचा खडा टाका, तोंडाला आतून तेल फासा आणि झोपा. सकाळी गिरणीचा भोंगा होईल तेव्हा बरणीत चार-पाच खरखरत असतील.

आता प्रयोगशाळा. दार उघडताच फॉर्मलिन डोळ्यांत शिरतं. त्याच्यावर क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, आणि कोपऱ्यातल्या ओल्या पोत्यात बेडकांची हालचाल. पंखा गरम हवाच फिरवतोय. एकेका टेबलाला पाच-सहा जण खेटून उभे आहेत, कुणाची कात्री कुणाकडे, आणि सगळ्यांचा एकच धावा: "मामा, टाचण्या!" मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, कुणाकडेही न बघता सगळ्यांना टाचण्या पोचवतात.

मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ टाचा, वर पाणी ओता. पाठीचे पत्रे कडेनं कापून उचला. आतली पांढरी चरबी चिमट्यानं हळूहळू काढा, आतडं बाजूला घ्या. घाई केलीत तर सगळं तुटेल. कपाळावरचा घाम ट्रेमध्ये पडतोय, पडू दे. अगदी तळाशी, पोटाला चिकटून, दोन पांढरे धागे शेजारी शेजारी जाताना दिसतील. त्यांच्यावर गाठी आहेत: छातीत तीन, पोटात सहा, त्यातली शेवटची सगळ्यात मोठी. खाली काळ्या कागदाची चिंधी सरकवा, म्हणजे दोरी लख्ख उठून दिसेल. रात्री तुम्हाला हरवलं ते या शेवटच्या गाठीनं. डोकं उडवलं तरी झुरळ दिवसचे दिवस उभं राहतं, पाय हलवतं, ते या गाठींच्या जोरावर.

डोळे चुरचुरायला लागले असतील तर कपाटाकडे जा. पहिल्या बरणीत स्पंज आहे. त्याला एकही चेतापेशी नाही आणि तरी त्याचं बरं चाललंय. शेजारच्या तारामाशाला डोकंच नाही. तोंडाभोवती एक कडं आणि प्रत्येक हातात एक दोरी. पांढरा पडलेला ऑक्टोपस बघा. त्याच्या जवळजवळ ५० कोटी चेतापेशींपैकी सुमारे दोन-तृतीयांश हातांत असतात. खिडकीपाशी काचेच्या वाटीत कंबर तलावातल्या शेवाळाबरोबर आलेला हायड्रा जिवंत आहे. सुई कुठेही टेकवा, तो सबंध आकसतो. त्याच्या अंगभर चेतापेशींचं जाळं आहे, मेंदू नाही. हे सगळे अर्धवट राहिलेले प्राणी आहेत आणि आपण पूर्ण झालेलो, असं पुस्तकातल्या क्रमावरून वाटतं. ते मनातून काढा. जसं जगणं, तशी ज्याची त्याची जोडणी.

पलीकडच्या टेबलावर बेडूक उघडलाय. त्याची दोरी कुठंय? पाठीत, मणक्यांच्या आत, तुमच्यासारखीच. गांडूळ आणि झुरळ यांची पोटाकडे, बेडकाची आणि तुमची पाठीकडे. पॅरिसच्या जोफ्रुआ सेंत-इलेर यांनी १८२२ साली लॉबस्टर उताणा करून पाहिला आणि म्हटलं, हा तर उलटा ठेवलेला आपलाच आराखडा! लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. तुमच्या सरांनाही या खोलीत अजून ठाऊक नाही की १९९०च्या दशकात माशी आणि बेडूक यांच्यात मिळतीजुळती जनुकं सापडणार आहेत. चेतासंस्था कुठल्या बाजूला व्हायची ते ही जनुकं ठरवतात, माशीत पोटाकडे आणि बेडकात पाठीकडे. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, तरी या जनुकांचा निरोप दोन्हीकडे शाबूत राहिला. तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगू नका. भविष्यातून आलात असं म्हणालात तर जर्नलवर सही मिळायची नाही.

सर आलेच. ट्रेवर वाकतात, चष्मा वर सरकवतात.

"हवा लागली की पळतं. पहिली खबर कुणाला?"

तुम्ही सुईचं टोक शेवटच्या गाठीवर ठेवता.

"आणि मेंदूला?"

"मागाहून, सर."

"बरोबर. चरबी अजून काढा, तिसरी गाठ दिसत नाहीये," म्हणत सर पुढच्या टेबलाकडे वळतात.