माणसाळलेले गोरिला

आपल्या मराठीत ‘माणसाळणे’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. रानातून आणलेले हरणाचे पाडस माणसाळते, पिंजऱ्यातला पोपट माणसाळतो, दावणीची नाठाळ म्हैसदेखील माणसाळते. त्यात चाऱ्याचा, दाव्याचा आणि क्वचित छडीचाही भाग असतो. परंतु ज्याला कुणी मूठभर चारा घातला नाही, ज्याच्या गळ्यात दावे पडले नाही आणि ज्याने आपले रानही सोडले नाही, असा एक प्राणी माणसाळला आहे. तो म्हणजे विरुंगा पर्वतातला डोंगरी गोरिला. रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे आठ ज्वालामुखींची ही रांग उभी आहे.

गोरिला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो राक्षस. १८६१ साली पॉल दु शायू याने पश्चिम आफ्रिकेतल्या गोरिलाचे जे वर्णन छापले, त्यात त्याला साक्षात नरकातून आणून उभे केले होते. पुढे १९३३ साली ‘किंगकाँग’ चित्रपट आला आणि राहिलेली कसर भरून निघाली. दारासिंगाशी झुंजणाऱ्या अगडबंब पहिलवानालाही तेच नाव शोभून दिसले!

डोंगरी गोरिलाची आणि गोऱ्या माणसाची पहिली गाठ बंदुकीच्या नळीतूनच पडली. १९०२ च्या ऑक्टोबरात कॅप्टन फॉन बेरिंगे या जर्मन अधिकाऱ्याने सबिन्यो पर्वतावर दोन गोरिला मारले. त्यांतला एक बर्लिनला पोहोचला आणि मारणाऱ्याचेच नाव शास्त्रज्ञांनी मेलेल्या जातीला दिले. १९२१ साली कार्ल एकली हा अमेरिकन कारागीर संग्रहालयासाठी गोरिला मारायला आला. मारले त्याने, पण मारून त्याचे मन पालटले. त्याने बेल्जियमच्या आल्बर्ट राजाचे मन वळवले आणि १९२५ साली तिथे राखीव उद्यान झाले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा आला आणि तिथेच वारला. मिकेनो पर्वताच्या उतारावर, कबारा नावाच्या माळावर, त्याला पुरले.

याच कबाऱ्यावर १९५९ साली जॉर्ज शालर हा सव्विशीतला प्राणिशास्त्रज्ञ बायकोसह येऊन राहिला. बंदूक घेऊन तो गोरिलांपुढे गेला नाही. झुडपाआड लपलाही नाही. रोज तेच मळकट कपडे घालावेत, कळपाला आपण स्वच्छ दिसू अशा फांदीवर जाऊन बसावे, सावकाश हलावे आणि टक लावून पाहू नये, एवढेच त्याचे शास्त्र. रोखून पाहणे हे गोरिलांत भांडणाचे आमंत्रण समजतात. (शाळेत नव्याने आलेल्या बुजऱ्या पोराकडेही मास्तराने पहिले आठ दिवस रोखून पाहू नये, हे आम्हां शिक्षकांना अनुभवाने कळते.) लपलेला माणूस म्हणजे पारधी, उघड्यावर बसलेला माणूस हा फार तर एक विचित्र जनावर! हे शालरने ओळखले आणि तो राक्षस पाला खाणारा, पोरांना अंगावर खेळू देणारा, शांत कुटुंबवत्सल प्राणी असल्याचे जगाला सांगितले. छाती पिटून तो धावून येतो खरा, पण बहुतेक वेळा तो नुसता दरारा असतो. पळावे मात्र नाही.

१९६७ च्या जानेवारीत त्याच माळावर डायन फॉसी ही अमेरिकन बाई आली. प्रारंभी ती गोरिलांचा माग उलट दिशेने काढू लागली, तेव्हा सोबतच्या अ‍ॅलन रूट या छायाचित्रकाराने तिला सांगितले की, गोरिला गाठायचे तर ते कुठून आले हे पाहून चालणार नाही, कुठे गेले हे पाहावे लागेल. काँगोतल्या बंडाळीमुळे जुलैत तिला तिथून निघावे लागले. सप्टेंबरात तिने रवांडाच्या बाजूला करिसोके येथे तंबू ठोकले.

फॉसीबाईंची तऱ्हा और होती. त्या चक्क गोरिला झाल्या! हातांच्या मुठी टेकून चालत, पाला चघळल्याचे सोंग करीत, पोटभर खाऊन ढेकर दिल्यासारखा गोरिलांचा समाधानाचा आवाज काढीत. आरंभी त्या मांड्यांवर थापा मारून छाती पिटण्याची नक्कलही करीत. मग ध्यानात आले की, छाती पिटणे ही धास्तीची खूण, म्हणजे आपण पाहुणे म्हणून जाऊन ‘चोर आला’ अशी हाकाटी करीत आहो. १९७० साली पीनट्स नावाच्या तरुण नराने हात लांब करून त्यांच्या बोटांना स्पर्श केला, मग स्वतःच गडबडून छाती पिटली आणि कळपामागे निघून गेला. त्या जागेला बाईंनी स्वाहिली भाषेत ‘हातांची जागा’ असे नाव दिले.

येथवरची कथा मोठी गोड आहे. पण डिजिट नावाचा आणखी एक नर होता. बाईंनी त्याला पोरवयापासून वाढताना पाहिले होते. रवांडा सरकारने पर्यटकांना बोलावण्यासाठी त्याचेच चित्र लावले आणि त्याच्याच तोंडी भेटीचे आमंत्रण घातले. १९७७ च्या ३१ डिसेंबरला चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारले. डोके आणि हात कापून नेले. तो कुत्र्यांना आणि माणसांना अडवून राहिला, म्हणून कळपातले बाकीचे तेरा वाचले.

बाईंनी यातून घेतलेला धडा कडवट होता. शिकारी काळे, तेव्हा काळ्या माणसाची भीती गोरिलाच्या मनातून जाऊ नये, असा त्यांचा आधीपासूनच हिशेब होता. माग काढावा आफ्रिकन वाटाड्याने आणि कळप दिसताच मागे राहावेही त्यानेच. पर्यटकांचाही त्यांना तिटकारा. त्यांच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावे, पण हा हिशेब मला पटत नाही. ज्याचे रान, त्यालाच परका ठरवून रान राखता येत नाही. १९८५ च्या डिसेंबरात त्यांचाही खून झाला. त्या डिजिटशेजारीच विसावल्या आहेत.

रानाची भूक तर भाल्याहून मोठी होती. कीटकनाशकात लागणाऱ्या पायरेथ्रमच्या फुलांसाठी रवांडातल्या उद्यानाची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन आधीच तोडली गेली होती. आता गुरांसाठी आणखी मागणी होती. तेव्हा बिल वेबर आणि एमी व्हेडर या दांपत्याने निराळा हिशेब मांडला: काही कळप मुद्दाम माणसाळवावेत, थोडे पाहुणे न्यावेत आणि गोरिला जिवंत ठेवूनच देशाला पैसा मिळवून द्यावा. १९७९ पासून हे सुरू झाले. एक कळप माणसाळायला वर्ष-दोन वर्षे, कधी अधिक लागतात, आणि रोज जाऊन बसण्याचे हे काम आता त्याच देशांतले वाटाडे करतात.

फळ काय मिळाले? १९८१ साली विरुंगात अवघे २५४ गोरिला होते. २०१५-१६ च्या गणतीत ६०४ भरले. नवल असे की, १९६७ ते २००८ या काळात माणसाळलेले कळप वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी वाढले, तर माणसाला पाहून पळणारे किंचित घटले! कारण साधे आहे. ज्यांच्याजवळ जाता येते, त्यांच्यावर रोज पहारा असतो आणि फाशात अडकलेला पाय वैद्याला सोडवता येतो. २००५ पासून रवांडात या पिलांचे जाहीर बारसे होते. मात्र युगांडात १९९१ साली ब्विंडी आणि म्गाहिंगा ही राने राखीव झाली, तेव्हा तिथल्या बट्वा लोकांना रानाबाहेर काढण्यात आले. गोरिलाला घर मिळाले आणि बट्वांचे गेले. या हिशेबाची ही बाजू उत्सवात कुणी वाचीत नाही.

आणि भालाच मारतो असे नाही. २००९ साली रवांडातल्या हिर्वा कळपात खोकल्याची साथ आली. एक मादी आणि एक पिलू दगावले. मेलेल्यांत जो विषाणू सापडला, तो माणसाचा होता. म्हणून आता आठाहून अधिक पाहुणे नाहीत, एका तासाहून अधिक मुक्काम नाही, सर्दी झाली असेल तर डोंगराच्या पायथ्यावरूनच परत. पूर्वी सात मीटर दूर राहावे लागे. कोविडच्या साथीनंतर ते दहा झाले आणि तोंडाला मुखपट्टी आली. गोरिलाच्या पोरांना हा नियम ठाऊक नसतो. ती कुतूहलाने सरळ जवळ येतात, आणि मग वाटाडे हळूच खूण करतात, की पाहुण्यांनो, मागे सरा.