सायकलीच्या दिव्याचा इतिहास

ज्युबिलीच्या पुस्तिकेत सायकलीच्या दिव्याचा इतिहास आम्ही का लिहावा, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून जे परततात, शेतीपंपास वीज रात्री मिळाली म्हणून जे पिकास पाणी देण्यास निघतात, त्यांपैकी कित्येकांस सायकल हेच वाहन आहे. आणि निफाडच्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या सायकली आम्ही नित्य पाहतो.

1888 साली डनलॉप यांनी हवा भरलेले टायर काढले व सायकलीचा प्रसार झपाट्याने झाला. तिच्यापुढे प्रथम तेलाचा दिवा असे. तो हिसक्याने विझे. मागून कार्बाइडचा दिवा आला. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की अ‍ॅसिटिलीन वायू निघे, व तो जळून पांढराशुभ्र उजेड देई. पुढे डायनॅमो आला. तो चाकाला घासून वीज उत्पन्न करी; परंतु स्वार थांबला की दिवाही मालवे, आणि रस्त्यात उभा राहिलेला मनुष्य अंधारात पडे.

हे दिवे मुख्यतः पुढचा मार्ग पाहण्यासाठी होते. मागून येणाऱ्यास आपणही दिसले पाहिजे, हा प्रश्न मोटारी वाढल्यावर निकडीचा झाला, व त्यावर इंग्लंडात मोठा वाद माजला. तेथील सायकलस्वारांचा संघ म्हणे, पाहण्याचे कर्तव्य मोटार हाकणाऱ्याचे आहे. मागचा दिवा सक्तीचा केल्यास अपघाताचा दोष सायकलस्वाराच्याच माथी येईल. अखेर 1939 साली युद्धातील काळोखात मागचा तांबडा दिवा सक्तीचा झाला, आणि 1945 च्या कायद्याने ती सक्ती कायम झाली.

आपल्याकडे 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याच्या 33 व्या कलमाने, वाहनांस किती दिवे, कोठे व कोणत्या वेळी असावेत, याविषयी नियम करण्याचा अधिकार दिला. 2020 साली केंद्र सरकारने सायकलीच्या रिफ्लेक्टरच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला. उसाच्या हंगामात बैलगाड्यांनाही रिफ्लेक्टर लावतात. मात्र रिफ्लेक्टरला स्वतःचे तेज नसते. दुसऱ्याचा प्रकाश पडला तरच तो उजळतो, आणि चिखलाने माखला तर तेवढेही नाही.

त्या संघाचे म्हणणे न्यायाचे होते, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याच्या हाती अधिक बळ, त्याची जबाबदारी अधिक. तथापि, मेलेल्यास न्याय मिळून काय उपयोग? शिवाय ज्याच्या गाडीखाली नकळत कोणाचा जीव जातो, तोही ते ओझे जन्मभर वाहतो. म्हणून मागे लावलेला दिवा ही दोषाची कबुली नव्हे. ती शेजाऱ्यावरील प्रीती होय. दहा कुमारिकांच्या दाखल्यात पाच जणींनी तेलाची तरतूद वेळेवर केली नाही, हे आपण जाणतोच.

तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, या ज्युबिलीच्या वर्षी ज्यांच्याजवळ सायकल आहे, त्यांनी मागे तांबडा दिवा लावावा व रिफ्लेक्टर पुसून ठेवावा. ज्यांच्याजवळ मोटार आहे, त्यांनी वेग आवरावा व समोरच्याच्या डोळ्यांवरील झोत खाली करावा. मिस्साहून निघालेला प्रत्येक जण सुखरूप घरी पोहोचो, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.