बलाढ्याचा शेजार

जानेवारी 2024 मध्ये आपल्या सोलापुरात, पार्कच्या मैदानावर, महाराष्ट्र आणि मणिपूर या दोन संघांचा रणजी चषकाचा सामना झाला. मणिपूरने या स्पर्धेत पहिले पाऊल टाकले ते 2018-19 च्या हंगामात. 'प्लेट' नावाच्या खालच्या गटातून तो संघ नुकताच वर चढला होता आणि हंगामाअखेर पुन्हा खाली उतरला. इकडे महाराष्ट्राने हा चषक 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकलेला. अशी विषम जोडी लावावीच कशाला, असा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी अनेकांच्या मनात आला. परंतु गट पाडण्याच्या रीतीने कोणाला वाट मिळते आणि कोणाची वाट अडते, हा प्रश्न जुना आहे. आणि त्याचे सर्वांत कडू उत्तर मणिपूरने नव्हे, तर आपल्याच महाराष्ट्राने अनुभवले आहे.

रणजी स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली, तेव्हा देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग पाडण्यात आले. पुढे 1952-53 पासून मध्य विभागाची भर पडली. या वाटणीमागे कोणाचा पक्षपात नव्हता. देश मोठा, प्रवास आगगाडीचा आणि संघटनांच्या तिजोऱ्या बेताच्या. तेव्हा शेजाऱ्यांनी आधी आपसांत खेळावे आणि विजेत्याने दूरचा प्रवास करावा, ही व्यवस्था व्यवहाराला धरूनच होती. मात्र नकाशावर रेघ ओढणाऱ्याने अंतर मोजले, बळ मोजले नाही.

त्या काळी क्रिकेटचे बळ पश्चिमेस एकवटले होते. पहिल्या 24 हंगामांपैकी 17 वेळा चषक पश्चिमेकडील संघांनीच नेला. त्यांत मुंबई तर होतीच, पण महाराष्ट्र, बडोदे, नवानगर आणि वेस्टर्न इंडिया यांचीही नावे आहेत. म्हणजे या विभागात एकट्या मुंबईचीच सद्दी होती असे नव्हे. प्रो. दि. ब. देवधरांनी 1940-41 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या आणि त्या वर्षीचा चषक पुण्यास आणला. विभागातील सामने तेव्हा बाद पद्धतीने होत. एका सामन्यात कोणी असा ठाण मांडून बसला, की बलाढ्य संघही घरी जाई.

1957-58 पासून विभागात साखळी पद्धत आली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे आणि गुणांनी पहिला ठरावा, ही रीत खचितच अधिक न्याय्य. तथापि तिचा एक परिणाम असा झाला, की जो सर्वांत बलवान, तोच बहुधा वर राहू लागला. एखादा दिवस गाजवून भागेना. आणि पुढच्या फेरीत जाई विभागातील एकच संघ.

आता हिशेब पाहा. 1957-58 चा चषक बडोद्याने जिंकला. त्यानंतर 1958-59 पासून 1972-73 पर्यंत, सलग पंधरा वर्षे, तो मुंबईने कोणाला दिला नाही. एकाच संघाला पुढे सोडण्याचा नियम 1969-70 पर्यंत चालला. म्हणजे त्या तेरा हंगामांत पश्चिमेची वाट एकदा बडोद्याला आणि बारा वेळा मुंबईला मिळाली. महाराष्ट्र, गुजरात आणि सौराष्ट्र यांना एकदाही नाही. तेरा वर्षे म्हणजे एका खेळाडूची उभी कारकीर्द. या काळात महाराष्ट्राच्या संघात शिरलेला आणि उमेद सरल्यावर बाहेर पडलेला एखादा तरुण कितीही गुणी असला, तरी रणजीचा बाद सामना आपल्या संघाकडून त्याला कधी खेळावयास मिळाला नाही.

उलट बाजूस राजस्थान पाहा. हा संघ मध्य विभागातला. 1960-61 ते 1969-70 या दहा हंगामांत तो सात वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. सलीम दुराणी आणि हनुमंतसिंग ज्या संघात, त्याला दुबळा कोण म्हणेल? परंतु त्याची मुंबईशी गाठ शेवटच्या पायरीवर पडे आणि महाराष्ट्राची पहिल्याच पायरीवर. जगाने एकाला सात वेळा उपविजेता म्हटले. दुसऱ्याचे नावही निघाले नाही.

यावर कोणी म्हणेल, की बलवानाच्या शेजारानेच माणूस घडतो; मुंबईशी दरसाल झुंजल्यामुळेच महाराष्ट्राचा कस टिकला. यात तथ्य आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. पण शेजार केवळ शिकवीत नाही, तो ओढूनही घेतो. पॉली उम्रीगर जन्मले सोलापुरात आणि गाजले मुंबईकडून. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून त्रिशतक काढून पुढे बडोद्यास गेले. पुण्याचे चंदू बोर्डेही बडोद्याकडून खेळले. नोकरी, आश्रय आणि संधी जिकडे, तिकडे गुणवान जाणारच. त्यांना दोष कसा द्यावा?

1970-71 मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे येऊ लागले. मग काय घडावे? त्याच वर्षी अंतिम सामन्यात समोरासमोर उभे राहिले मुंबई आणि महाराष्ट्र! जुना नियम असता तर या दोघांपैकी एकालाच पुढे जाता आले असते. गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईनेच बाजी मारली. महाराष्ट्र हरला खरा. पण तो कोठल्या तोडीचा संघ आहे, हे दार उघडताच पहिल्याच वर्षी दिसले. त्यासाठी मुंबईचे पंख छाटावे लागले नाहीत. तिची मालिका पुढे 1973-74 मध्ये कर्नाटकाने खेळूनच तोडली.

2002-03 मध्ये विभाग मोडून बळानुसार वरचा आणि खालचा असे दोन गट झाले. येथे धोका उलटा होता: अंतराची भिंत गेली आणि प्रतिष्ठेची आली, कारण खालच्या गटातून चषकापर्यंत वाटच नव्हती. ती 2008-09 मध्ये मोकळी झाली, आणि 2010-11 मध्ये खालच्या गटातून आरंभ करणाऱ्या राजस्थानने चषकच जिंकला. ज्याने सात वेळा मुंबईपुढे हार खाल्ली, तोच हा संघ! 2013-14 मध्ये महाराष्ट्र 'क' गटात होता. त्याने उपउपांत्य फेरीत मुंबईला वानखेडे मैदानावर हरविले आणि अंतिम सामना गाठला. तेथे कर्नाटक सरस ठरला. एके काळी खालच्या गटात गणल्या गेलेल्या विदर्भाने तर 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा चषक नेला.

या इतिहासातून आम्हांस एवढेच दिसते, की सर्वांना सारखे बळ देणे कोणत्याही नियमाला साधत नाही. मात्र दुसऱ्या क्रमांकाला वाट ठेवणे साधते. रेघा ओढाव्याच लागतात, मग त्या क्रिकेटच्या असोत, शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांच्या असोत की जिल्ह्यांच्या. पण सोयीसाठी ओढलेली रेघ कोणाच्या योग्यतेचा निकाल ठरत असेल, तर ती पुन्हा तपासली पाहिजे. मणिपूरचा संघ सोलापुरात आला तेव्हा विषम जोडी म्हणून आम्ही हसलो असू, तर ते हसणे आम्हांस शोभले नाही. तेरा वर्षे दाराबाहेर उभे राहिलेल्यांनी तरी, नुकत्याच आत आलेल्याला थोडी जागा करून द्यावयास हवी.